पदरमोड करून पाहिलेला खंड

शाळेच्या भूगोलात दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर, पश्चिम किनाऱ्याला लागून एक बाण काढलेला असे. तो पेरूचा शीत प्रवाह. त्याचेच दुसरे नाव हम्बोल्ट प्रवाह. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या माणसाशी माझी ओळख कित्येक वर्षे त्या बाणापुरतीच होती. पुढे त्याचे चरित्र वाचले, तेव्हा त्याने चढलेल्या डोंगरांपेक्षा आणि ओलांडलेल्या नद्यांपेक्षा मला एका साध्या गोष्टीचे अप्रूप वाटले. हा गृहस्थ पाच वर्षे अमेरिका खंडात हिंडला तो पदरचे पैसे घालून.

हम्बोल्टचा जन्म १७६९ चा, बर्लिनचा. वडील लहानपणीच गेले. आईच्या इच्छेखातर तो सरकारी खाणखात्यात नोकरीला लागला. १७९६ मध्ये आई वारली आणि मोठी मालमत्ता हाती आली. दुसऱ्या कोणी जमीनजुमला वाढवला असता. याने राजीनामा दिला आणि उपकरणे विकत घेतली. पॅरिसमध्ये त्याला एमे बाँप्लां हा वनस्पतींचा जाणकार भेटला. सरकारी मोहिमांबरोबर जाण्याचे बेत फसल्यावर दोघे स्पेनला गेले. वसाहतींत परक्यांना सहसा प्रवेश न देणाऱ्या स्पेनच्या राजाने १७९९ मध्ये त्यांना परवाना दिला. खर्च मात्र सारा हम्बोल्टचा.

जहाजावर तापाची साथ आली, म्हणून दोघे हवानाऐवजी आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना या गावी उतरले. तारीख होती १६ जुलै १७९९. नवी झाडे, नवे पक्षी पाहून दोघे हरखून गेले. पण ज्या चौकात त्यांचे बिऱ्हाड होते, त्याच चौकात गुलामांचा बाजार भरे. गिऱ्हाईक माणसांचे दात तपासून पाही. हे दृश्य हम्बोल्ट जन्मभर विसरला नाही.

कारिपेजवळच्या गुहेत त्याने अंधारात राहणारे ग्वाचारो पक्षी पाहिले. त्यांच्या पिलांच्या चरबीचे तेल काढत. वालेन्सिया सरोवराकाठी लोकांची तक्रार होती, की पाणी आटत चालले आहे. त्याने पाहणी करून कारण सांगितले: मळ्यांसाठी भोवतालची झाडे तोडली आणि सरोवराला मिळणारे ओढे शेतीकडे वळवले. झाड गेले की पाऊस माती धुऊन नेतो आणि झरे सुकतात, हे आज शाळकरी मूलही सांगेल. १८०० मध्ये ते नवे होते.

मग ओरिनोको नदी. अरुंद होडी, तीत माणसे, उपकरणे, पिंजऱ्यांतली माकडे आणि पोपट, आणि वर डासांचे थवे. या प्रवासात कासिकियारे हा प्रवाह ओरिनोको आणि ॲमेझॉन या दोन नद्यांची खोरी जोडतो, हे त्याने मोजमाप करून सिद्ध केले. पुढे क्युबा, बोगोटा, कीटो. २३ जून १८०२ रोजी चिंबोराझो पर्वतावर तो सुमारे ५,९०० मीटरपर्यंत चढला. विरळ हवेने हिरड्यांतून रक्त येत होते. शेवटी एका खोल घळीने वाट अडवली. पायथ्याच्या दाट रानापासून वरच्या बर्फापर्यंत उंचीप्रमाणे वनस्पती कशा बदलतात, याचे त्याने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. लिमा, मेक्सिको, फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन पाहून १८०४ मध्ये तो युरोपला परतला.

पुढची कहाणी मला अधिक चटका लावते. उरलेली संपत्ती या प्रवासाचे ग्रंथ, नकाशे आणि चित्रे छापण्यात गेली. त्यातल्या क्युबावरील ग्रंथात त्याने गुलामगिरीवर सडकून टीका केली. कोणाच्या मिठाला जागायचे नव्हते, म्हणूनच हे जमले. आपल्या हिमालयात यायची त्याची फार इच्छा होती. लंडनला जाऊन प्रयत्न केले, पण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. पैसे संपले, तसे १८२७ मध्ये त्याला प्रशियाच्या राजाच्या पदरी बर्लिनला यावे लागले. १८२९ मध्ये तो रशियात हजारो मैल फिरला. तो खर्च झारचा होता. अट अशी, की तिथल्या कुळांच्या हलाखीविषयी लिहायचे नाही. हम्बोल्टने ती पाळली.

मी त्याला दोष देणार नाही. साठीला आलेल्या माणसाला अजून डोंगर पाहायचे होते, आणि खिसा रिकामा होता. शिवाय जुना बाणा पुरता गेला नव्हता. १८५६ मध्ये क्युबाच्या ग्रंथाच्या अमेरिकेतील भाषांतरातून गुलामगिरीचे प्रकरण गाळले गेले, तेव्हा ऐंशी उलटलेल्या हम्बोल्टने वर्तमानपत्रांतून जाहीर निषेध केला. प्रशियाच्या भूमीवर पाय ठेवणारा गुलाम स्वतंत्र होईल, असा कायदा १८५७ मध्ये झाला, तोही त्याच्याच खटपटीने. ६ मे १८५९ रोजी तो वारला.

आज क्युबातल्या एका राष्ट्रीय उद्यानाला त्याचे नाव आहे. ग्वाचारोची गुहाही संरक्षित आहे. परदेशी सहलीला निघताना आपण खर्चाचा अंदाज बांधतो, तो योग्यच. मात्र तो बांधताना मला हम्बोल्ट आठवतो. पदरमोडीने त्याला काय मिळाले याचा विचार केला, की डोंगर आणि नद्या दुसऱ्या क्रमांकावर जातात. पाहिलेले सगळे सांगण्याची मोकळीक त्याने त्या पैशात विकत घेतली होती.