वामेचे माहेर शोधणारे श्मिट

युरोपातल्या नद्यांतली वाम बाळंतपणाला कुठल्या माहेरी जाते, हे कोळ्यांना किंवा पंडितांना दोन हजार वर्षे उमगले नव्हते. ती चिखलातून उपजते, असे ॲरिस्टॉटलने ठरवून टाकले होते. शरदात रुपेरी झालेली वाम समुद्रात उतरे ती परत येत नसे; पुढे काचेसारखी पारदर्शक पिले किनाऱ्याला लागत. पानासारखा चपटा एक सागरी जीव हे वामेचेच अर्भक, एवढे १८९६ मध्ये इटलीच्या ग्रासी व कालांद्रुच्चो यांनी दाखवून दिले.

योहानेस श्मिट यांचा जन्म १८७७ चा, डेन्मार्कमधला. मूळचे ते वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०४ मध्ये ‘थोर’ जहाजावर खाद्य माशांची पिले शोधत असता फॅरो बेटांच्या पश्चिमेस त्यांच्या जाळ्यात असे एक अर्भक आले, सुमारे साडेसात सेंटिमीटरांचे. तोवर ती भूमध्य समुद्रातच मिळत. श्मिट यांना त्या अर्भकाने झपाटले.

युक्ती सोपी होती: अर्भके जिथे लहानात लहान, तिथेच जन्मस्थान. पण महासागर चाळायचा कसा? त्यांनी व्यापारी जहाजांच्या कप्तानांना जाळी दिली. १९१३ मध्ये ‘मार्गरेथे’ हे शिडाचे जहाज वेस्ट इंडीजमध्ये फुटले. मग महायुद्ध आले. १९१० पासून ते कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विभागप्रमुख होते. माझ्या वडिलांसारख्या गवयांना दरबाराने पोसले, ह्यांना बिअरच्या भट्टीने!

१९२० पासून ‘डाना’ जहाज निघाले. पश्चिमेकडे जावे तशी लांबी उतरत गेली: ४५, २५, १५ मिलिमीटर, सारगासो समुद्रात १० हूनही कमी. त्यात अमेरिकेच्या वामेची अर्भकेही मिसळलेली. भूप आणि देशकार आम्ही कानाने ओळखतो. श्मिट मणके मोजत. युरोपच्या वामेचे सरासरी ११४-११५, अमेरिकेच्या वामेचे १०७.

१९२२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. १९३० मध्ये डार्विन पदक मिळाले. १९३३ मध्ये इन्फ्लुएंझाने ते गेले, वय अवघे ५६. आपल्या शोधाची हकीकत त्यांनी जरा जास्तच सरळ सांगितली, असे पुढच्या संशोधकांनी नोंदी तपासून दाखवले. मला त्यात काही गैर वाटत नाही, कारण जागा तर बरोबर निघाली: अझोर्स बेटांजवळ खुणेची यंत्रे बांधून सोडलेल्या वामा सारगासोपर्यंत पोचल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर किनाऱ्याला लागणारी पिले मात्र १९८० पूर्वीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी झाली होती. श्मिट यांना मोकळ्या समुद्रात वामेचे अंडे कधी सापडले नाही, आणि त्यांच्यानंतरही शंभर वर्षांच्या शोधात ते कुणाच्या जाळ्यात आले नाही.