रात्रीचा जाणकार : क्रुसाचे संत योहान

प्रकाश म्हणजे देव आणि अंधार म्हणजे पाप, एवढं शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं. सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश संन्याशाने मात्र असं लिहून ठेवलं की श्रद्धेच्या वाटेवर एक काळोख देव जवळ आल्यामुळेही पडतो. आपल्या वर्गात रविवारी मिस्साला जाणाऱ्या होत्या तशा न जाणाऱ्याही होत्या, म्हणून त्यांचं चरित्र जरा सविस्तर सांगते.

हुआन दे येपेस यांचा जन्म 1542 साली स्पेनमधल्या फोंतिवेरोस या खेड्यात झाला. वडिलांचे नातेवाईक रेशमाचे व्यापारी. वडिलांनी गरीब विणकर मुलीशी लग्न केलं म्हणून त्यांनी संबंध तोडले. हुआन लहान असतानाच वडील गेले, पाठोपाठ एक भाऊही गेला. आई उरलेल्या दोन मुलांना घेऊन पोटासाठी गावं बदलत मेदिना देल काम्पो इथे आली. तिथे हुआन इस्पितळात रोग्यांची सेवा करायचा, त्यांच्यासाठी भिक्षा मागायचा आणि उरलेल्या वेळात जेज्विटांच्या शाळेत शिकायचा. एकविसाव्या वर्षी तो कार्मेल संघात गेला, सालामांकाला शिकला आणि 1567 मध्ये धर्मगुरू झाला.

त्याच वर्षी आविलाच्या तेरेजा त्यांना भेटल्या. त्या बावन्न वर्षांच्या, हे पंचविशीतले. कार्मेल संघातली ढिलाई काढून मूळचं साधं, प्रार्थनेचं जीवन परत आणायचं तेरेजांनी मनावर घेतलं होतं. 28 नोव्हेंबर 1568 रोजी दुरुएलोच्या एका मोडक्या घरात पुरुषांचा पहिला सुधारित मठ सुरू झाला आणि हुआन यांनी 'क्रुसाचा योहान' हे नाव घेतलं.

सुधारणा संघातल्या सगळ्यांना कुठून रुचणार? 2 डिसेंबर 1577 च्या रात्री त्यांच्याच संघबंधूंनी त्यांना आविलाहून पकडून नेलं आणि तोलेदोच्या मठात कोंडलं. खोली साधारण सहा फूट बाय दहा फूट. उजेडासाठी भिंतीत उंचावर एक फट, तीही शेजारच्या खोलीत उघडणारी. प्रार्थनापुस्तक वाचायचं तर बाकावर चढायचं. खायला पाव, पाणी, कधी खारवलेली मासळी. जेवणघरात सगळ्यांसमोर चाबकाचे फटके. जवळजवळ नऊ महिने हे चाललं. त्या अंधारात ते कविता रचत होते, आणि कविता कसल्या, तर प्रेमाच्या! पुढे आलेल्या एका दयाळू पहारेकऱ्याने कागद आणि शाई दिली. ऑगस्ट 1578 मध्ये एका रात्री कुलपाचे आधीच सैल करून ठेवलेले स्क्रू निसटवून, घोंगडीच्या पट्ट्या एकमेकींना बांधून ते खिडकीतून उतरले आणि पहाटे कार्मेल भगिनींच्या मठाच्या दारात पोहोचले. भगिनींनी त्यांना दालचिनी घालून शिजवलेली नाशपाती खाऊ घातली म्हणतात. सगळ्या हकिगतीतला हा तपशील मला फार आवडतो.

'काळोखी रात्र' ही त्यांची कविता या सुटकेनंतरची. लोक तिला दुःखाची कविता समजतात. प्रत्यक्षात तिच्यातली रात्र मैत्रीण आहे. तिच्या आडोशाने जीव गुपचूप घराबाहेर पडून आपल्या प्रियकराकडे, म्हणजे देवाकडे, जातो. पुढे या कवितेवर त्यांनी गद्यात विवरण लिहिलं, आणि माझ्यासारख्या इंजिनिअरला खरं पकडतं ते तेच. प्रार्थनेतली गोडी एकाएकी आटली तर ती रात्र कशावरून, आळस किंवा उदासीचा आजार कशावरून नाही? त्यांनी तीन खुणा दिल्या आहेत. एक, देवाच्या गोष्टींत रस उरत नाही, पण जगातल्या दुसऱ्या कशातही मन रमत नाही. दोन, आपण मागे पडतोय ही काळजी माणसाला सोडत नाही. आळशाला ती नसते. तीन, पूर्वीसारखं प्रसंग डोळ्यांसमोर आणून चिंतन करू म्हटलं तर जमतच नाही. बिघाड शोधताना आम्ही अशीच एकेक शक्यता बाद करत जातो. चारशे वर्षांपूर्वीचा हा माणूस उदासीच्या आजाराला वेगळा ओळखत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिथे डॉक्टरकडेच जावं, त्याला 'रात्र' म्हणून गोंजारत बसू नये.

मग रात्र आलेल्याने करायचं काय? त्यांचं उत्तर साधं आहे: धडपड न करता देवापुढे शांत राहायचं. आई बाळाचं दूध तोडते, कडेवरून खाली ठेवते, तेव्हा बाळ रडतं, पण चालायलाही तेव्हाच शिकतं. ओलं लाकूड विस्तवात घातलं की आधी काळं पडतं, धुरकटतं, पाणी सोडतं, पेटतं नंतर. खोलीतल्या हवेत धूळ नसेल तर खिडकीतून आलेला किरण दिसतही नाही. हे सगळे दाखले त्यांचेच. मुलं मोठी झाली, आईवडील एकेक करून निघाले आणि रोजची प्रार्थना नुसती पाठांतर उरली, असं आपल्यातल्या काहीजणींनी मला फोनवर सांगितलंय. त्यांच्यासाठी हा परिच्छेद लांबवला.

पुढली वर्षं बाएसा, ग्रानादा, सेगोविया इथे गेली. त्यांनी मठ चालवले, बांधकामावर स्वतः दगड वाहिले. 1591 मध्ये त्यांच्याच सुधारित शाखेने त्यांना सगळ्या पदांवरून काढलं. ताप आला, पायाला जखमा झाल्या. उपचारासाठी बाएसा की उबेदा असं विचारलं तेव्हा जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही ते उबेदा त्यांनी निवडलं. तिथल्या मठाधिपतीचा त्यांच्यावर राग. आजाऱ्याच्या खर्चावरूनही तो कुरकुरायचा. शेवटी त्याला पश्चात्ताप झाला. 14 डिसेंबर 1591 रोजी, मध्यरात्रीच्या प्रार्थनेची घंटा होत असताना योहान गेले. वय एकोणपन्नास. 1726 मध्ये त्यांना संतपद मिळालं, 1926 मध्ये ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून मान मिळाला. 'काळोखी रात्र' या आठ कडव्यांच्या कवितेवरचं विवरण मात्र तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीलाच तुटलेलं आहे.