आरमारप्रमुख फिशर

सिंहलद्वीपात १८४१ साली जन्मलेला जॉन फिशर तेराव्या वर्षी ब्रिटिश आरमारात शिरला आणि १९०४ मध्ये त्याचा प्रमुख झाला. ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका वर्षभरात उभी करायचीच, असा त्याने हट्ट धरला. पण १२ इंची तोफा आणि त्यांचे फिरते बुरुज घडवणे फार वेळखाऊ काम! बहुधा ‘लॉर्ड नेल्सन’ व ‘अ‍ॅगामेम्नॉन’ या नौकांच्या बुरुजांपेक्षा ‘ड्रेडनॉट’च्या बुरुजांना अग्रक्रम मिळाला. पोर्ट्समथच्या गोदीत ऑक्टोबर १९०५ मध्ये सुरू झालेली, पाच बुरुजांची, दहा तोफांची ही नौका डिसेंबर १९०६ मध्ये आरमारात दाखल झाली. त्या दोघी बिचाऱ्या १९०८ पर्यंत रखडल्या, आणि सेवेत येण्याआधीच जुन्या ठरल्या.