टस्कीगीची वीटभट्टी

१८८१ सालच्या जून महिन्यात, अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील टस्कीगी या लहानशा गावी पंचवीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय शिक्षक येऊन पोचला. कृष्णवर्णीयांसाठी निघणाऱ्या नव्या शाळेचा प्रमुख म्हणून त्याला बोलावणे आले होते. गावात येऊन पाहतो तो शाळेला ना जागा, ना इमारत! राज्य सरकारने वर्षाला २००० डॉलर मंजूर केले होते, पण तेही केवळ शिक्षकांच्या पगारासाठी. त्या शिक्षकाचे नाव बुकर टी. वॉशिंग्टन. ४ जुलै रोजी एका चर्चच्या मोडकळीस आलेल्या खोलीत तीस विद्यार्थ्यांसह शाळा सुरू झाली. पाऊस आला की छत गळे. मग एखादा विद्यार्थी उठून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी आणि धडा पुढे चाले.

अशा अडचणी बुकरला नवीन नव्हत्या. १८५६ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील एका मळ्यावर, गुलाम आईच्या पोटी त्याचा जन्म झाला. आई मळ्यावर स्वयंपाकीण होती. जमिनीवर चिंध्या अंथरून मुले झोपत. मालकाच्या मुलीची पुस्तके शाळेच्या दारापर्यंत पोचवण्याचे काम त्याच्याकडे येई. दाराच्या आत जाण्याची त्याला मुभा नव्हती. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली आणि हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन येथे आले. तेथे सावत्र वडील मिठाच्या भट्टीवर काम करीत. मिठाच्या पिंपांवर प्रत्येक कामगाराचा क्रमांक घालत. वडिलांचा क्रमांक होता १८. बुकरला वाचता आलेली पहिली अक्षरे म्हणजे हा आकडा!

त्यालाही लवकरच भट्टीवर जुंपण्यात आले. शाळेत जाण्याची परवानगी मिळाली ती पहाटेपासून नऊ वाजेपर्यंत काम करण्याच्या अटीवर. शाळाही नऊलाच भरे आणि ती बरीच दूर होती. तेव्हा हा मुलगा भट्टीच्या कचेरीतील घड्याळाचा काटा रोज गुपचूप साडेआठवरून नऊवर सरकवू लागला. पुढे मालकाने घड्याळ पेटीत कुलूपबंद केले. शाळेत हजेरी घेताना प्रत्येक मुलाला आडनाव आहे आणि आपल्याला नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्याची पाळी आली तेव्हा त्याने वॉशिंग्टन हे नाव सांगून टाकले. स्वतःचे आडनाव स्वतः निवडण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

कोळशाच्या खाणीत काम करीत असताना हॅम्प्टन येथील शाळेविषयी दोन कामगारांचे बोलणे त्याच्या कानी पडले. गरीब विद्यार्थ्याला तेथे काम करून शिकता येत असे. १८७२ मध्ये तो निघाला. सुमारे आठशे किलोमीटरची वाट. काही गाडीने, पुष्कळशी पायी. रिचमंड शहरात पैसे संपले. लाकडी पदपथाखाली झोपून आणि दिवसा जहाजावरील लोखंड उतरवून त्याने पुढच्या प्रवासाची बेगमी केली. हॅम्प्टनला पोचला तेव्हा खिशात पन्नास सेंट होते आणि अवतार भिकाऱ्यासारखा. मुख्य शिक्षिकेने त्याला एक वर्गखोली झाडायला सांगितली. त्याने ती तीनदा झाडली, चार वेळा पुसली. बाईंनी रुमाल फिरवून पाहिला. धुळीचा कण सापडला नाही. हीच त्याची प्रवेशपरीक्षा ठरली आणि शाळेतील झाडलोटीचे कामही त्यालाच मिळाले. १८७३ मध्ये पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तेव्हा त्या मुक्त झालेल्यांपैकी हा एक तरुण हॅम्प्टनच्या खोल्या झाडून शिक्षण घेत होता.

टस्कीगीला वॉशिंग्टन यांनी हाच कित्ता गिरवला. गावाजवळ शंभर एकरांचा एक जुना मळा पाचशे डॉलरला मिळत होता. हॅम्प्टनच्या खजिनदारांनी स्वतःच्या पैशातून अडीचशे डॉलर उसने दिले आणि जमीन ताब्यात आली. मात्र झाडी तोडून शेत तयार करायचे म्हटल्यावर विद्यार्थी नाराज झाले. हातांनी राबावे लागू नये म्हणूनच तर ते शिकायला आले होते! ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या मालकासाठी घाम गाळला, त्यांना असे वाटले तर त्यात नवल नाही. अनेक पालकांनीही विरोध केला. वॉशिंग्टन यांनी वाद घातला नाही. रोज दुपारी वर्ग संपला की ते कुऱ्हाड खांद्यावर टाकून सर्वांच्या पुढे रानाकडे निघत. असे करीत वीस एकर जमीन मोकळी झाली.

इमारतींसाठी विटा हव्या होत्या आणि गावात वीटभट्टी नव्हती. विद्यार्थ्यांनीच विटा पाडाव्यात असे ठरले. गुडघाभर चिखलात उभे राहून माती काढण्याच्या या कामाला कंटाळून काहींनी शाळाच सोडली. पंचवीस हजार विटांची पहिली भट्टी नीट भाजली गेली नाही. दुसरीही फसली. तिसरी आठवडाभर पेटती राहिली, आता विटा निघणार अशी आशा वाटू लागली आणि मध्यरात्री ती कोसळली. जवळ एक पैसाही उरला नाही. सहकाऱ्यांनी हा नाद सोडण्याचा सल्ला दिला. वॉशिंग्टन मॉन्टगोमरी शहरात गेले, आपले घड्याळ गहाण ठेवून पंधरा डॉलर घेऊन आले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र कायमचे गेले.

या विटांनी शाळा तर उभी राहिलीच, शिवाय आणखी एक गोष्ट घडली. शाळेविषयी आस्था नसलेले आसपासचे गोरे लोकही विटा घेण्यासाठी येऊ लागले, कारण विटा चांगल्या होत्या. पहिल्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या चाळीस इमारतींपैकी चार वगळता सर्व विद्यार्थ्यांनी बांधल्या. सुतारकाम, लोहारकाम, गाड्या बनवणे, छपाई, शिवणकाम असे वर्ग वाढत गेले. १८८४ पासून रात्रशाळाही सुरू झाली. फी देणे ज्यांना शक्य नव्हते ते दिवसा दहा तास काम करीत आणि रात्री दोन तास शिकत. ‘एक होता कार्व्हर’ या वीणा गवाणकर यांच्या पुस्तकामुळे मराठी वाचकांना परिचित झालेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९६ मध्ये येथेच शेतीशास्त्र शिकवण्यासाठी आले. १९०६ पासून अवजारे आणि बियाणे भरलेली एक घोडागाडी शेतकऱ्यांच्या दारी जाऊ लागली. शाळेत येऊ न शकणाऱ्यांकडे शाळाच गेली.

वॉशिंग्टन यांची कीर्ती वाढली तसे त्यांच्यावर आक्षेपही आले. १८९५ मध्ये अटलांटा येथील भाषणात त्यांनी आपल्या बांधवांना राजकीय हक्कांसाठी आग्रह धरण्याआधी उद्योगात पाय रोवण्याचा सल्ला दिला. विद्वान लेखक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०३ मध्ये याचा कडक समाचार घेतला. मताधिकार आणि उच्च शिक्षण सोडून दिलेल्या समाजाची कमाईही सुरक्षित राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. खुद्द अलाबामाने १९०१ मध्ये नवी राज्यघटना करून बहुतेक कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर लोटले. हातात कौशल्य असलेल्या गवंड्यालाही त्यातून सूट नव्हती. वॉशिंग्टन यांनी उघड विरोध टाळला. अशा कायद्यांविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यांना ते गुपचूप पैसा पुरवत होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी कागदपत्रांतून उघड झाले. गोऱ्या देणगीदारांच्या मदतीवर चालणारी संस्था सांभाळताना त्यांनी बोलण्याला घातलेला हा आवर योग्य होता की नाही, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

१९१५ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क येथे ते अत्यवस्थ झाले. टस्कीगीलाच नेण्याचा त्यांनी हट्ट धरला आणि रेल्वेने तेथे पोचल्यावर काही तासांतच, १४ नोव्हेंबर रोजी, त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेत सुमारे १५०० विद्यार्थी होते आणि ३८ व्यवसायांचे शिक्षण दिले जात होते. विद्यार्थ्यांनी स्वतः भाजलेल्या विटांच्या प्रार्थनामंदिरात अंत्यविधी झाला आणि जवळच त्यांना मूठमाती देण्यात आली.