चिमण्या, डास आणि रॉस

रात्री लाइट गेली की कानाशी गुणगुणणारा, गटारात वाढणारा तो डास माहितीये ना? तो क्युलेक्स. त्याच्या पाठी लागून एका माणसाला नोबेल मिळालं, आणि त्याच डासामुळे जगाच्या दुसऱ्या टोकाला काही पक्षी कायमचे संपले.

तो माणूस रोनाल्ड रॉस. जन्म १८५७, अल्मोडा. त्याला व्हायचं होतं लेखक, पण लष्करातल्या वडिलांनी घातलं मेडिकलला. (ओळखीचं वाटतंय?) १८८१ मध्ये तो डॉक्टर म्हणून भारतात नोकरीला लागला. कविता, कादंबऱ्या लिहिणं चालूच होतं. मग मलेरियाच्या कोड्याने त्याला झपाटलं. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्याला मलेरियाचा परजीवी दिसला आणि पुढच्याच महिन्यात बदली! तीही मलेरिया जेमतेम असलेल्या गावी.

१८९८ मध्ये तो कलकत्त्यात आला, तर प्लेगच्या धास्तीने लोक बोट टोचून घेईनात. रॉस अडला नाही. त्याने पिंजऱ्यातले पक्षी घेतले. आजारी पक्ष्यांना चावलेले क्युलेक्स निरोगी चिमण्यांना चावू दिले. चिमण्या आजारी पडल्या. मलेरिया डासाच्या चाव्यातून पसरतो, हे सिद्ध झालं. १९०२ चं नोबेल त्याचं.

आता हवाई बेटांवर चला. तिथे मुळात डासच नव्हते. १८२६ च्या सुमारास जहाजातल्या पाण्यातून क्युलेक्स उतरला. पण नुसत्या डासाने रोग होत नाही, आजारी पक्षीही लागतो. ती सोय माणसाने केली. हौसेने आणि कीड खायला म्हणून बाहेरचे पक्षी आणून सोडले, त्यात आपली साळुंकीही होती. अशाच पाहुण्यांच्या रक्तातून परजीवी आला. पाहुणे आजार पचवतात आणि परजीवी सांभाळत राहतात. तिथल्या हनीक्रीपर पक्ष्यांना मात्र हा रोग कधी माहीतच नव्हता. लालभडक इइवी एका चाव्यानेही मरू शकतो. हनीक्रीपरच्या पन्नासहून जास्त जातींपैकी आज जेमतेम सतरा उरल्यात. उरलेले बरेचसे उंच, थंड डोंगरात, जिथे डासाला जमत नाही. पण हवा तापतेय आणि डास वर चढतोय.

रॉस १९३२ मध्ये गेला. साचलेलं पाणी काढा, डास कमी करा, हे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. माउई बेटावर २०२३ पासून वेगळे नर डास सोडतायत, ज्यांच्यापासून तिथल्या माद्यांची अंडी उबतच नाहीत. लढाई तीच, पद्धत नवी.

पुढच्या वेळी डास मारताना रॉसच्या चिमण्या आठवा.