विश्लेषण : 'तिजोरीवाले' अर्देशीर गोदरेज कोण होते? त्यांच्या कुलपांतून आजच्या पासवर्डविषयी काय शिकता येते?

मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने घाटकोपर सोडले, की पुढचे स्थानक विक्रोळी. मुलुंड, भांडुपहून घाटकोपरला येऊन मेट्रोने अंधेरीचे कार्यालय गाठणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांना विक्रोळी म्हटले की एकच नाव आठवते, ते म्हणजे गोदरेज. घरात 'गोदरेजचे कपाट' असते, कार्यालयात तिजोरी असते. मात्र या नावामागचा माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. वकिली सोडून कुलपे करायला बसलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी जे प्रश्न सोडवले, तेच आज तुमच्या ईमेलच्या आणि बँक खात्याच्या दारात उभे आहेत.

अर्देशीर यांनी वकिली का सोडली?

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. वडील बुरजोरजी. सहा भावंडांत अर्देशीर थोरले. तरुणपणीच त्यांच्यावर मोठा आघात झाला. एप्रिल १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला. मुंबईला हादरवून टाकणाऱ्या त्या घटनेतील एक, बचुबाई, या अर्देशीर यांच्या पत्नी होत्या. त्यानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही.

कायद्याचे शिक्षण संपवून ते १८९४ मध्ये एका खटल्यासाठी झांजीबारला गेले. अशिलाची बाजू भक्कम करायची, तर सत्याला थोडी मुरड घालावी लागणार होती. ते त्यांना मान्य नव्हते. खटला सोडून ते मुंबईला परतले आणि वकिलीला त्यांनी कायमचा रामराम ठोकला.

पहिला धंदा का बुडाला?

परतल्यावर त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे बनवायला घेतली. कुटुंबाचे स्नेही मेरवानजी कामा यांनी त्यासाठी तीन हजार रुपये कर्जाऊ दिले. उपकरणे चांगली उतरली. पण ती भारतात बनल्याचा शिक्का त्यावर हवा, हा अर्देशीर यांचा आग्रह होता आणि असा शिक्का असेल तर माल खपणार नाही, असे घेणाऱ्या ब्रिटिश कंपनीचे म्हणणे होते. दोघेही हटले नाहीत. धंदा बंद पडला.

मग कुलपांकडे कसे वळले?

मुंबईत घरफोड्या वाढत असल्याची आणि लोकांनी घरांची सुरक्षा वाढवावी असे पोलीस आयुक्तांनी सांगितल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. ते पुन्हा कामांकडे गेले. आधीचे पैसे बुडालेले असतानाही कामांनी मदत केली. ७ मे १८९७ रोजी लालबागला गॅस कंपनीशेजारच्या एका छोट्या शेडमध्ये, गुजरात आणि मलबारहून आणलेल्या डझनभर कारागिरांसह काम सुरू झाले. कामांचे पुतणे बॉइस काही काळ भागीदार होते. ते लवकरच बाहेर पडले, पण 'गोदरेज अँड बॉइस' या नावात ते राहिले. पुढे धाकटे बंधू पिरोजशा कारभारात आले.

त्यांच्या कुलपात वेगळे काय होते?

पहिली गोष्ट, प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागणार नाही, ही त्यांची हमी होती.

आज कार्यालयात नेमके याच्या उलट चालते. ईमेल, हजेरीचे ॲप, बँक आणि खरेदीचे संकेतस्थळ या सगळ्यांना आपण एकच पासवर्ड देतो. एखाद्या खरेदीच्या संकेतस्थळावरून पासवर्डची यादी फुटली, की चोरटे तीच जोडी संगणकाच्या मदतीने हजारो ठिकाणी लावून पाहतात. बँकेचे कुलूप कितीही मजबूत असले, तरी त्याची किल्ली दुसऱ्याच दुकानातून चोरीला गेलेली असते. म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड हवा. निदान ईमेल आणि बँकेचा तरी इतर कुठेही वापरू नये. इतके लक्षात राहत नसतील, तर पासवर्ड मॅनेजर वापरावा. कीबोर्डखाली चिठ्ठी ठेवू नये.

'गॉर्डियन' कुलूप म्हणजे काय?

अर्देशीर यांचे हे कुलूप दोन किल्ल्यांसह येत असे. त्यातल्या एका किल्लीने कुलपाची अंतर्गत रचनाच बदलता येई. तसे केले की दुसरी किल्ली निकामी. ती कुणाच्या हाती असली, तरी दार उघडणार नाही.

किल्ली देणे सोपे, परत घेणे अवघड, ही अडचण त्यांनी ओळखली होती. कार्यालयांत आज हीच चूक सर्वाधिक होते. कर्मचारी नोकरी सोडून जातो, त्याचे ओळखपत्र जमा होते, पण सामाईक ईमेलचा पासवर्ड तोच राहतो. म्हणून माणूस गेला त्याच दिवशी त्याचे खाते बंद करावे आणि सामाईक पासवर्ड बदलावेत. फक्त पासवर्ड बदलून भागतेच असे नाही. आधी उघडलेली खाती काही सेवांमध्ये तशीच उघडी राहतात. त्यासाठी ईमेलच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी उपकरणे 'साइन आउट' करावीत. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली उपकरणे' उघडून पाहावे. कार्यालयाच्या संगणकावर कधीतरी लावलेले व्हॉट्सॲप वेब अजून सुरू असण्याची शक्यता असते.

'डिटेक्टर' कुलूप काय करी?

चुकीची किल्ली घातली, की या कुलपातला स्प्रिंगचा खटका पडे. तो मूळ किल्लीनेच पूर्ववत होई. म्हणजे चोराला आत जाता आले नाही, तरी कुणीतरी प्रयत्न केला होता, हे मालकाला कळे.

अनेकदा चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाते गोठते किंवा नव्या उपकरणावरून प्रवेश झाल्याचा संदेश येतो, ते हेच काम आहे. आपण मात्र तो संदेश न वाचता पुसून टाकतो. तुम्ही काहीही केलेले नसताना ओटीपी आला, तर तुमचे खाते उघडण्याचा कुणीतरी प्रयत्न करत असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी ओटीपी कुणालाही न सांगता पासवर्ड बदलावा. पासवर्डसोबत दुसरी खूण मागणारी द्विस्तरीय पडताळणी नसेल, तर ती सुरू करावी.

चोरीबरोबर आगीचा विचार का केला?

कुलपांनंतर १९०२ मध्ये त्यांच्या तिजोऱ्या बाजारात आल्या. तिजोरी केवळ चोराला अडवणारी असून उपयोग नाही, आगीतही आतले कागद शाबूत राहिले पाहिजेत, असे त्यांचे गणित होते. याची मोठी कसोटी त्यांच्या पश्चात लागली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटानंतर लागलेल्या भीषण आगीत गोदरेजच्या तिजोऱ्यांतील ऐवज बचावला.

चोरी आणि नाश हे दोन वेगळे धोके आहेत. संगणकातील फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर हा नाश करणारा धोका आहे. त्यावर पासवर्ड पुरत नाही, बॅकअप लागतो. हिशेबाच्या फायलींची एक प्रत अशा हार्ड डिस्कवर ठेवावी, जी काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवलेली असते. सतत जोडलेली डिस्क मुख्य फायलींबरोबरच अडकू शकते. बॅकअपमधली एखादी फाइल अधूनमधून उघडूनही पाहावी.

पुढे अर्देशीर यांचे काय झाले?

स्वदेशीच्या आग्रहापायी एक धंदा गमावलेल्या या माणसाने टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. जनावरांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून त्यांनी साबण बनवला. त्याचे नावही 'चावी' होते. १९२८ मध्ये सारा कारभार पिरोजशांवर सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. तिथेच १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. विक्रोळीची जमीन पिरोजशांनी १९४० च्या दशकात घेतली. त्यामुळे ज्या उपनगराशी हे नाव कायमचे जोडले गेले, तिथला कारखाना अर्देशीर यांनी पाहिलाच नाही.

कुलूप भक्कम असूनही पैसे का जातात?

कारण चोर आता कुलपाला हात लावत नाही, तो किल्ली मागून घेतो. साहेबांचा फोटो लावलेल्या अनोळखी क्रमांकावरून लेखा विभागाला संदेश येतो : बैठकीत आहे, फोन करू नका, या खात्यात तातडीने पैसे भरा. घाबरलेला कर्मचारी स्वतःच दार उघडतो. असा संदेश आला, तर पैसे भरण्याआधी साहेबांच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. साहेबांनीही त्याबद्दल कर्मचाऱ्यावर चिडू नये.

तरीही फसवणूक झालीच, तर लाजेपायी वेळ घालवू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनला आणि आपल्या बँकेला कळवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरवले जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते रोखून धरण्याची शक्यता असते. गेलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा असतो.