राजमाता मारिया थेरेसा

युरोपच्या मध्यभागी डॅन्यूब नदीच्या तीरी व्हिएन्ना हे जुने नगर वसलेले आहे. आज ते ऑस्ट्रिया या लहानशा प्रजासत्ताकाची राजधानी आहे. परंतु अडीचशे वर्षांपूर्वी हॅब्सबर्ग घराण्याच्या विस्तीर्ण राज्याचा कारभार येथून चालत असे. या कॅथॉलिक राजघराण्यात १३ मे १७१७ रोजी मारिया थेरेसा हिचा जन्म झाला.

तिचे वडील सम्राट सहावे चार्ल्स यांचा एकुलता एक पुत्र पाळण्यातच दगावला होता. पुत्र नसल्यास कन्येने गादीवर बसावे, असा कायदा त्यांनी १७१३ सालीच केला होता आणि युरोपातील दरबारांकडून त्यास मान्यता मिळविण्यासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. मात्र जिच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या मुलीस राज्यकारभाराचे शिक्षण देण्याचे त्यांना सुचले नाही. धर्म, भाषा, संगीत आणि नृत्य एवढेच ती शिकली. तिचा सांभाळ करणाऱ्या कॅरोलिना फुक्स नावाच्या सरदार स्त्रीवर तिचा फार जीव होता. आई म्हणूनच ती तिला मानीत असे.

१२ फेब्रुवारी १७३६ रोजी लोरेनचा राजपुत्र फ्रान्सिस स्टीफन याच्याशी तिचा विवाह झाला. फ्रान्सिस व्हिएन्नाच्या दरबारातच लहानाचा मोठा झाला होता आणि बालपणापासून ती त्याच्यावर अनुरक्त होती. त्या काळी राजघराण्यांतील विवाह हे राज्याराज्यांतील तहासारखेच असत. तेव्हा मनाजोगा वर मिळणे हे तिचे भाग्यच म्हटले पाहिजे. हेच भाग्य आपल्या मुलींच्या वाट्यास मात्र तिने क्वचितच येऊ दिले.

ऑक्टोबर १७४० मध्ये चार्ल्स वारले. मारिया थेरेसा तेव्हा अवघी तेवीस वर्षांची होती व गरोदर होती. खजिना रिकामा, सैन्य विस्कळीत आणि मंत्री वयोवृद्ध, अशी राज्याची स्थिती. दोनच महिन्यांत प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने सायलेशिया या सधन प्रांतात सैन्य घुसविले. ज्यांनी चार्ल्सला वचने दिली होती, त्यांपैकी कित्येक राजे आता लचके तोडण्यास पुढे सरसावले. मार्च १७४१ मध्ये तिला पुत्र झाला. पुत्रप्राप्तीसाठी संत जोसेफची करुणा भाकलेली, म्हणून त्याचे नाव जोसेफ ठेवण्यात आले.

त्याच वर्षी जून महिन्यात प्रेसबर्ग येथे, म्हणजे आजच्या ब्रातिस्लावा शहरी, हंगेरीचा मुकुट तिच्या मस्तकी चढला. नव्या राजाने घोड्यावर बसून टेकडी चढावी आणि चारी दिशांना तलवार परजावी, असा तेथील रिवाज होता. तिने त्यासाठी मुद्दाम घोड्यावर बसण्याचे शिक्षण घेतले आणि तो रिवाज तंतोतंत पाळला. सप्टेंबरमध्ये काळा वेष परिधान करून ती हंगेरीच्या सरदारांपुढे उभी राहिली आणि आपण व आपली मुले आता त्यांच्याच आश्रयास आलो आहोत, असे तिने त्यांस सांगितले. सरदारांनी तिच्यासाठी प्राण वेचण्याची शपथ घेतली. तान्ह्या जोसेफला कडेवर घेऊन तिने ही याचना केली, असे चित्रांत दाखवितात. वस्तुतः बाळाला तेथे काही दिवसांनंतर आणण्यात आले. आठ वर्षे युद्ध चालले. सायलेशिया गेला तो गेलाच. परंतु बाकीचे बहुतेक राज्य तिने राखले, आणि १७४५ साली तिचा पती सम्राटपदी निवडला गेला.

या धामधुमीतच तिचा संसार वाढत होता. तिला एकूण सोळा अपत्ये झाली. अकरा मुली आणि पाच मुलगे. मुलीचे पहिले नाव मारिया असावे, हा घराण्याचा परिपाठ; तेव्हा अकराही मुली मारियाच! त्यांतही कॅरोलिना हे नाव तिने तीनदा ठेवले. कारण पहिल्या दोन कॅरोलिना तान्हेपणीच गेल्या. मुलांची न्याहारी, त्यांचे पाठ, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळा, त्यांचे दात स्वच्छ आहेत की नाहीत, या सर्वांविषयी ती शिक्षकांना लेखी सूचना देत असे.

सणवार तर ती मोठ्या निष्ठेने पाळी. ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या स्मरणार्थ, ही सम्राज्ञी गरीब वृद्ध स्त्रियांचे पाय आपल्या हातांनी धूत असे. डिसेंबरच्या सहा तारखेला संत निकोलसचा सण येई. मारिया क्रिस्टिना या तिच्या मुलीने या सणाच्या सकाळचे एक चित्र १७६२ च्या सुमारास रंगविले आहे. त्यात सम्राट शेकोटीपाशी घरच्या झग्यात बसले आहेत, सम्राज्ञी जवळच उभी आहे, धाकटी आंत्वानेत बाहुली मिरवीत आहे आणि एका मुलाच्या वाट्यास खाऊऐवजी छडी आल्याने तो रडत आहे. कोठेही मुकुट नाही की सिंहासन नाही. याच १७६२ च्या ऑक्टोबरात शोनब्रुन राजवाड्यात सहा वर्षांच्या मोझार्टने पियानोसारखे वाद्य वाजवून दाखविले आणि मग सरळ सम्राज्ञीच्या मांडीवर उडी मारून तिचे मुके घेतले. इतक्या मुलांच्या आईला त्यात काही वावगे वाटले नाही.

ऑगस्ट १७६५ मध्ये इन्सब्रुक येथे मुलाच्या लग्नसमारंभाच्या वेळीच फ्रान्सिसचा अकस्मात अंत झाला. तिने आपले केस कापून टाकले, दागिने व भारी वस्त्रे वाटून दिली आणि पुढील पंधरा वर्षे काळ्या वस्त्रांखेरीज काही ल्याली नाही. आपल्या प्रार्थनापुस्तकात तिने सहजीवनाचा हिशेब लिहून ठेवला : १०,७८१ दिवस, २,५८,७४४ तास.

दुःखाची परिसीमा अजून व्हायची होती. देवीच्या रोगाने या घराण्याचा पाठलागच चालविला होता. एक मुलगा, एक मुलगी आणि जोसेफची पहिली पत्नी त्याने आधीच नेली होती. १७६७ साली जोसेफची दुसरी पत्नी या रोगाने गेली. तिची सेवा करताना मारिया थेरेसा स्वतः आजारी पडली. तिला अंतकाळचे संस्कारही देण्यात आले. पण ती त्यातून वाचली. त्याच ऑक्टोबरात सोळा वर्षांची मारिया योसेफा नेपल्सच्या राजाशी विवाह करण्यासाठी निघणार होती. प्रवासापूर्वी पूर्वजांच्या थडग्यांपाशी प्रार्थना करावी, अशी घराण्याची चाल. आईने तिला कॅप्युचिन चर्चच्या तळघरात नेले. दोन दिवसांत तिच्या अंगावर देवी उठल्या आणि विवाहास जावयाची ती मुलगी त्याच तळघरात विसावली. तेथेच तिला लागण झाली, असे लोक म्हणू लागले. देवी अंगावर उठावयास लागणीनंतर दहा-बारा दिवस तरी जातात, तेव्हा रोग तिच्या अंगी आधीच शिरलेला असला पाहिजे, हे आज आपणांस कळते. आईला ते कोण सांगणार?

या काळोखात फेब्रुवारी १७६८ मध्ये फ्लॉरेन्सहून एक वार्ता आली. लिओपोल्ड या तिच्या मुलास पहिला पुत्र झाला होता, आणि तोही १२ फेब्रुवारीस, तिच्याच विवाहाच्या तिथीस! वैधव्यानंतर नाटकगृहाची पायरी न चढलेली ही आजी घरच्या कपड्यांनिशीच राजवाड्यालगतच्या नाटकगृहात धावली, सज्जातून वाकली आणि चालू नाटक थांबवून तिने साऱ्या प्रेक्षकांना व्हिएन्नाच्या घरगुती बोलीत नातवाची बातमी सांगितली, असे म्हणतात.

तिने केवळ अश्रू ढाळले नाहीत. त्याच वर्षी यान इंगनहाउस या डच वैद्यास तिने बोलावून घेतले. जेनरची लस निघण्यास अद्याप अठ्ठावीस वर्षे अवकाश होता. सौम्य देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत टोचावयाचे, एवढाच उपाय तेव्हा होता, आणि तोही धोक्याचा. तरीही तिने आपल्या मुलांना टोचून घेतले. मग टोचून सुखरूप राहिलेल्या पासष्ट मुलांना शोनब्रुनमध्ये मेजवानी दिली आणि त्यांना स्वतः वाढले.

१७७४ साली तिने सहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी शाळांचा कायदा केला. या कामासाठी तिला हवा असलेला फेल्बिगर हा धर्मगुरू सायलेशियाचा, म्हणजे आता फ्रेडरिकचा प्रजाजन होता. ज्याने आपला प्रांत हिरावला, त्याच्याकडे तिने शिक्षक मागितला! १७७६ मध्ये आरोपींचा छळ करून कबुली घेण्याची पद्धतही तिच्या राज्यात बंद झाली.

तथापि तिच्या धर्मनिष्ठेला एक कठोर बाजूही होती. अन्य धर्मपंथांविषयी तिच्या मनात औदार्य नव्हते. १७४४ च्या डिसेंबरात ऐन थंडीत तिने प्रागमधील ज्यूंना शहराबाहेर काढण्याची आज्ञा दिली. हजारो निरपराध माणसे बायकामुलांसह बाहेर पडली. त्यांना परत येण्यास काही वर्षे लागली आणि त्यासाठी जबर कर द्यावा लागला. प्रॉटेस्टंट कुटुंबांनाही तिने दूरच्या मुलखात धाडले. जोसेफला हे पटत नसे व त्यावरून मायलेकांत तीव्र वाद होत.

घरातही तिचा हात असाच जड होता. योसेफाच्या जागी धाकट्या कॅरोलिनाला नेपल्सला पाठविण्यात आले. अमालियाचे मन दुसऱ्या राजपुत्रावर जडले असूनही तिला पार्माच्या ड्यूकशी लग्न करावे लागले. ती आईला कधीच क्षमा करू शकली नाही. लाडक्या क्रिस्टिनाला तेवढा मनाजोगता पती लाभला. चौदा वर्षांची आंत्वानेत १७७० साली फ्रान्सला निघाली, तेव्हा आईने तिला उपदेशाचा एक कागद दिला आणि तो दर महिन्याच्या एकवीस तारखेस वाचण्यास सांगितले. त्यानंतर दर महिन्यास जासूद पत्रे घेऊन जाई. त्यांत माया असे, तितकाच धाकही असे.

नाती मात्र तिचे नाव घेऊन जन्मास येत होत्या. जोसेफची चिमुकली मारिया थेरेसा सातव्या वर्षी वारली. पण फ्लॉरेन्स, नेपल्स, मिलान आणि अखेरीस १७७८ साली व्हर्साय अशा राजदरबारांतून आजीच्या नावाच्या मुली वाढत होत्या. त्यांपैकी शेवटचीला आजीने कधी पाहिलेही नाही.

२९ नोव्हेंबर १७८० रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मुलांच्या सान्निध्यात तिने प्राण सोडला. कॅप्युचिन चर्चच्या तळघरात एकाच विशाल शवपेटीत पतीशेजारी तिला ठेवण्यात आले. जवळच कॅरोलिना फुक्स विसावलेली आहे. राजरक्ताचा थेंबही नसताना त्या तळघरात जागा मिळालेली ती एकटीच.

तिच्या रुपयासारख्या चांदीच्या नाण्यावर तिची वैधव्यातील, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी वस्त्राच्छादित प्रतिमा आहे. अरबस्तान व इथिओपियातील व्यापाऱ्यांचा या नाण्यावर इतका विश्वास बसला, की तिच्या मृत्यूनंतरही ते १७८० हेच साल घालून पाडले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० व १९४१ साली, ही नाणी मुंबईच्या टांकसाळीतही पाडण्यात आली.